डोक्याचा मुका मार

मंडळी, चैत्र लागला, की आपल्या सातारा-सांगली भागात जत्रांचे दिवस सुरू होतात. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड, असा पुष्कळ गावांचा रिवाज आहे. दुपार कलली, की हलगी कडाडू लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळताना नंबर एकची कुस्ती. आज या गावी तर उद्या पलीकडच्या गावी, असा तरणा पैलवान हा हंगामभर फिरत असतो.

अशा एखाद्या फडात तुम्ही हे पाहिले असेल. प्रतिस्पर्ध्याने पोराला कमरेत धरून उचलले आणि मागे टाकले. पाठ टेकायच्या आधी डोक्याची मागची बाजू मातीवर आदळली. रक्त नाही, खोक नाही, साधे टेंगूळही नाही. पोरगा उठला, दोन पावले भलत्याच दिशेला गेला, मग स्वतःला सावरून हसला. "काय झालं रं?" वस्तादांनी विचारले. "काय न्हाय वस्ताद, जरा गरगरलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी म्हणाले, मुका मार आहे, बसेल आपोआप. आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा दुसऱ्या गावच्या हौद्यात उतरला.

मुका मार हा आपल्या भाषेतला मोठा मार्मिक शब्द आहे. जखम झाली तर रक्त सांगते, हाड मोडले तर सूज सांगते. हा मार मात्र काहीच सांगत नाही. मांडीला, पाठीला मुका मार बसला, तर शेकावे, चोळावे आणि आठ दिवसांत विसरून जावे. डोक्याच्या मुक्या माराला हा न्याय लावता येत नाही. तो का लावता येत नाही, आणि असे मार एकावर एक बसत गेले तर आत काय घडते, हे आज आपण पाहू.

आपला मेंदू साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम वजनाचा असतो. कवटी दगडासारखी टणक, म्हणून आपल्याला वाटते, की आतला ऐवजही तसाच घट्ट बसवलेला असेल. तसे नाही. जिवंत मेंदू अतिशय मऊ असतो, आणि तो कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. विरजण लावलेले मडके बैलगाडीत ठेवून तुम्ही खाचखळग्यांच्या वाटेने बाजाराला निघालात असे समजा. गाडीला हिसके बसले. बाजारात पोचल्यावर पाहता, तर मडक्याला चीर नाही, टवका नाही. पण झाकण काढले, की आतले दही मोडलेले! मडके शाबूत आहे म्हणून दही शाबूत आहे असे म्हणणारा शहाणा आपल्याला बाजारात भेटणार नाही. डोक्याच्या बाबतीत मात्र आपण सगळेच तसे म्हणतो.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मेंदूला इजा व्हायला डोक्यावरच फटका बसला पाहिजे असे नाही. एसटीच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला, की आपण पुढच्या बाकावर आदळतो; गाडी थांबलेली असते, आपले अंग थांबलेले नसते. तसेच छातीवर जोराचा धक्का बसून मान झटक्यात वळली, तरी कवटी थांबते आणि मेंदू पुढे सरकतो. त्यातही सरळ धक्क्यापेक्षा पिळवटणारा धक्का, म्हणजे मान गर्रकन फिरून बसलेला धक्का, अधिक वाईट. कारण मेंदूच्या आत कोट्यवधी बारीक तंतू एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे गेलेले असतात, आणि पीळ बसला, की ते ताणले जातात.

तंतू ताणला गेला, की मज्जापेशीच्या भिंतीतून क्षारांची नको ती ये-जा सुरू होते. खतांमुळे तुम्हाला ठाऊक असलेले पालाश पेशीबाहेर पडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. हे पुन्हा जागच्या जागी नेण्यासाठी पेशीला अहोरात्र उपसा करावा लागतो. त्याला साखर लागते, प्राणवायू लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. म्हणजे विहीर तुडुंब भरून मळ्यात पाणी शिरू लागले आहे, मोटार चालू केली आहे, आणि वीज मात्र कमी दाबाची येते आहे, तशी ही अवस्था. मोटार घुर्रघुर्र करते, पाणी काही हटत नाही. फार भार टाकला तर मोटारच जळते.

या अवस्थेत माणूस कसा दिसतो? लोक समजतात, की मेंदूला मार लागला म्हणजे शुद्ध हरपलीच पाहिजे. ही समजूत अगदी चुकीची आहे. अशा दहा माणसांतील नऊ जणांची शुद्ध जातच नाही. तो उभा असतो, बोलत असतो. पण डोके दुखते, गरगरते, मळमळते. उजेड आणि हलगीचा आवाज नकोसा होतो. एकच प्रश्न तो तीन-तीनदा विचारतो. कुणाशी कुस्ती झाली, कोणत्या डावावर पडलो, हे त्याला सांगता येत नाही. काही जण उगीच चिडतात, काही जण रडतात, आणि पुष्कळ जण "डोक्यात धुकं भरल्यासारखं झालंय" असे म्हणतात. ही लक्षणे कधी लगेच दिसतात, तर कधी काही तासांनी, एखाद्या दिवसानेही. इंग्रजीत याला कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा हादरा म्हणू.

इथे सीटी स्कॅनविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण हल्ली खेड्यातली मंडळीही पोराला घेऊन मिरजेला किंवा कराडला धाव घेतात, हे चांगलेच आहे. स्कॅन काढतात तो मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, कवटी तडकली आहे का, हे पाहण्यासाठी. ते नसले, की डॉक्टर म्हणतात, स्कॅन नॉर्मल आहे. घरची माणसे त्याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा घेतात. परंतु ताणलेला तंतू आणि उपसा करून दमलेली पेशी या चित्रात दिसत नाही. जिवावरचे संकट नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ. उद्या कुस्ती धरायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे.

आता चांगली बातमी. एकदाच बसलेला हादरा बहुतेकांच्या बाबतीत पुरता बरा होतो. मोठ्या माणसाला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, मुलांना महिनाभरही लागतो. विरजण मोडले ते मोडले, पण मेंदू जिवंत आहे, तो स्वतःला सावरून घेतो. अट एकच, की तो सावरत असताना त्याला दुसरा दणका बसता कामा नये.

खरी गोष्ट या दुसऱ्या दणक्यात आहे. पहिला उपसा संपला नसताना पुन्हा पाणी शिरले, तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगायला नको. दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका असला, तरी त्रास जास्त होतो आणि जास्त दिवस टिकतो. क्वचित याहून भयंकर घडते. पहिल्या हादऱ्याची लक्षणे अंगात असताना खेळाडू मैदानात उतरतो, साधासा धक्का बसतो, आणि मेंदू झपाट्याने सुजून काही मिनिटांत प्राणावर बेतते. १९८४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा घटनेला 'दुसऱ्या आघाताचा विकार' अशा अर्थाचे नाव दिले. हा प्रकार फार दुर्मिळ आहे, पण तो प्रामुख्याने तरुण पोरांत दिसला आहे, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट आहे वर्षानुवर्षांच्या लहान-लहान मारांची. ही प्रथम कळली मुष्टियुद्धातून. १९२८ साली अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी लिहिले, की जुने मुष्टियोद्धे दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, जिभेवर ताबा राहत नाही, आणि पुढे विसरभोळे होतात. १९७३ साली इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा दिवंगत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून आतली झीज दाखवून दिली. तरी लोक म्हणत राहिले, की हा ठोशांच्या खेळाचा दोष, बाकीच्या खेळांचा त्याच्याशी काय संबंध? मग २००२ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात डॉ. बेनेट ओमालू यांनी एका नामवंत माजी फुटबॉलपटूचे शवविच्छेदन केले. तिथला फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून एकमेकांवर धडका घेण्याचा खेळ. पन्नाशीत गेलेल्या त्या माणसाच्या मेंदूत त्यांना टाउ नावाच्या प्रथिनाचे गुंते सापडले.

हे टाउ काय आहे? तासगाव भागात ज्यांनी द्राक्षबागा पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. मांडव उभा असतो तो तारांच्या आणि गाठींच्या जोरावर. गाठी घट्ट आहेत तोवर वेल मांडवावर नीट पसरतो. मज्जातंतूच्या आतही असाच एक मांडव असतो आणि टाउ त्याच्या गाठी धरून ठेवतो. तंतू पुन:पुन्हा ताणला गेला, की गाठी सुटतात, मांडव लोळतो, आणि सुटलेल्या गाठींचेच गुंते होऊन बसतात. खेळ थांबवल्यावरही हे गुंते हळूहळू पसरत राहतात. त्यातून पुढे वीस-तीस वर्षांनी विस्मरण, संताप, उदासीनता, तोल जाणे ही दुखणी उद्भवू शकतात. या आजाराचे पक्के निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच करता येते.

डोक्याने चेंडू मारण्याचा जो आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल, त्याचीही तपासणी झाली. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी पाहून २०१९ साली असे प्रसिद्ध झाले, की मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीन पट होते. पुढच्याच वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधील फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांनी सरावात चेंडू डोक्याने मारू नये, असे ठरवले. यातले बरेचसे चेंडू कुणाला गरगरवणारेही नव्हते. एकेकट्या मारात काहीच न जाणवणे, आणि तरी हजारो मारांची बेरीज होणे, हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे.

येथे थोडा तोलही सांभाळला पाहिजे. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च साखळीतील १११ खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० मध्ये हा आजार आढळला. आकडा ऐकून छाती दडपते. पण ज्यांच्या घरच्यांनी त्रास पाहिला होता त्यांनीच बहुतेक मेंदू तपासणीला दिले होते. म्हणून शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतोच, असे त्यावरून म्हणता येणार नाही. भीतीही मोजून घ्यावी.

मग आपल्या कुस्तीचे काय? या प्रश्नाला आपल्या मुलखात जरा जपूनच हात घालावा लागतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक. कवठे पिरानचे मारुती माने १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले आणि १९६४ साली हिंदकेसरी झाले. कुंडलचे मैदान तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावात तालीम असणे ही आपल्याकडे अब्रूची गोष्ट आहे, आणि ती असावी. पोरगा तालमीत गेला, की पहाटे उठतो, व्यसनापासून लांब राहतो, मोठ्यांच्या पाया पडतो. माझे सांगणे पोराला तालमीतून काढा असे नाही.

कुस्ती म्हणजे मुष्टियुद्ध नव्हे. तिच्यात डोक्यावर ठोसा मारायचा नसतो. पैलवानाची मान कमावलेली असते, त्यामुळे डोके झटकन फिरत नाही. आणि आपली तांबडी माती, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली, ही जुन्या लोकांनी मोठ्या शहाणपणाने केलेली सोय आहे. पण ही माती रोज उकरली तरच मऊ राहते. जत्रेच्या दिवशी घाईने नांगरून चार ट्रॉल्या माती पसरलेले मैदान आणि तालमीतला मुरलेला हौदा यांत फार अंतर आहे. वरचा थर मऊ, खाली टणक जमीन. शिवाय डोके आदळते ते केवळ उचलून टाकल्यावर नव्हे. खडाखडीत कपाळाला कपाळ भिडते, पट काढताना प्रतिस्पर्ध्याचा गुडघा कानशिलावर बसतो. हल्ली पुष्कळ पोरे मॅटवर सराव करतात. मॅट मऊ असते, परंतु तिच्या कडेबाहेर फरशी असेल तर तिचा काय उपयोग?

कबड्डीत ही जोखीम वेगळ्या तऱ्हेने येते. चढाई करणारा खाली वाकून मध्यरेषेकडे झेपावतो आणि त्याच वेळी पकड करणाऱ्याचा गुडघा पुढे येतो. किंवा दोघे पकडणारे एकदम धावतात, गडी निसटतो, आणि या दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. प्रेक्षक हसतात. विजेच्या झोतात रात्रभर चालणाऱ्या सामन्यांत एकच संघ तीन-तीन, चार-चार सामने खेळतो. दहा वाजता आपटलेले डोके एक वाजता पुन्हा मैदानात असते.

आणि कुस्तीत हेच जत्रेचा हंगाम करतो. मेंदूला सावरायला दोन आठवडे हवेत, आणि हंगामात फड असतो रोज. पैलवानाचे खाणे, दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी बाप कर्ज काढून भागवतो. त्याची थोडी तरी भरपाई होते ती याच दिवसांत. मग "मला गरगरतंय" असे कोणता पोरगा सांगेल? त्याने सांगितले, तर जोड सुटते, इनाम जाते, आणि चारचौघांत भित्रा म्हणून नाव पडते ते वेगळेच. मुलींचेही तसेच. आता आपल्याकडच्या मुली कुस्ती-कबड्डीत पुढे येत आहेत, आणि पोरगी कमजोर निघाली असे कुणी म्हणू नये म्हणून त्या दुखणे अधिकच लपवतात.

म्हणून निर्णय खेळाडूवर सोडू नये. हादरलेल्या मेंदूनेच स्वतःची परीक्षा करावी, ही अपेक्षाच मुळात खुळी आहे. निर्णय वस्तादांनी घ्यावा, पंचांनी घ्यावा, जत्रा कमिटीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. डोके आपटले आणि वर सांगितल्यापैकी एकही खूण दिसली, की त्या दिवसाची कुस्ती थांबली. शंका आली तरी थांबली. मला तर वाटते, डोके लागल्यामुळे उतरवलेल्या पैलवानाला ठरलेल्या इनामाचा काही भाग देण्याचा ठराव ज्या गावची कमिटी करील, तिथे लपवाछपवी आपोआप कमी होईल. वर्गणी लाखांत गोळा होते. त्यात हे बसणार नाही असे नाही.

उतरवल्यावर काय करावे? पहिले दोन दिवस विश्रांती. विश्रांती म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणे नव्हे. घरात हिंडावे, अंगणात चालावे, पण मोबाइलचा पडदा, मोटारसायकल, दारू आणि मेहनत बंद. नंतर हळूहळू चढत जावे. आधी चालणे, मग हलके पळणे, मग जोर-बैठका, मग एकट्याने डावांचा सराव. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस थांबावे, आणि डोके जास्त दुखू लागले तर एक पायरी खाली यावे. प्रत्यक्ष लढत सर्वांत शेवटी, सगळा त्रास गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. शाळकरी मुलाने पूर्ण शाळा नीट सुरू केल्याखेरीज हौद्यात पाऊल टाकू नये.

काही खुणा मात्र थांबण्याच्या नव्हेत, धावण्याच्या आहेत. पुन:पुन्हा उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, आकडी येणे, गुंगी वाढणे किंवा हाक मारून न उठणे, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, हातपाय लुळे पडणे, बोबडे बोलणे. यांपैकी काहीही दिसले, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मानेत कळ असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला ओढून उठवू नये, डोके-मान सरळ धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. चार जणांनी हातापायांना धरून जीपमध्ये घालण्याची आपली रीत अशा वेळी घात करते.

घरगुती उपायांपैकी तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे याने मेंदूचे काही भले होत नाही. "झोपू देऊ नका" असे वडीलधारे सांगतात, त्यामागची काळजी खरी आहे, पण डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोप चांगलीच. पहिल्या रात्री सोबतीला कुणी असावे आणि मधूनमधून हाक मारून पाहावी. दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी आपल्या मनाने देऊ नये, कारण आत रक्तस्राव असेल तर ती तो वाढवू शकते. लागलीच तर साधी पॅरासिटामॉल.

डोक्याचा मुका मार फक्त मैदानात बसतो असे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मेंदू वयाने किंचित आक्रसलेला असतो, आणि त्याच्या वरच्या शिरा ताणलेल्या असतात. ठेंगण्या दाराची चौकट लागते, गोठ्यात पाय घसरतो, आणि एखादी शीर झिरपू लागते. तीन-चार आठवड्यांनी आजोबा अडखळत चालतात, भलतेच बोलतात. आपण म्हणतो, म्हातारचळ लागला. पण ही गाठ स्कॅनमध्ये दिसते आणि कवटीला लहानसे छिद्र पाडून काढता येते. मग तेच आजोबा पुन्हा पारावर येऊन बसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर साध्या टेंगळालाही डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक मार आहे, ज्याला हलगी नाही आणि पंचही नाहीत. काही घरांत बाईचे डोके भिंतीवर आपटले जाते, कानशिलात लगावली जाते, एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. केसांत टेंगूळ झाकले जाते. मग ती विसरभोळी झाली, कामात चुकू लागली, म्हणून पुन्हा मार. त्या चुका स्वभावाच्या नसून मेंदूच्या माराच्या असू शकतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने तिला संरक्षण दिले आहे, दवाखान्यात आलेल्या अशा बाईला "डोक्याला मार लागला होता का?" एवढा प्रश्न आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी एकटीला बाजूला घेऊन विचारला, तरी पुष्कळ कळते.

शेवटी शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. गुरुजी, हात वर करून मुलाच्या डोक्यात टपली मारणे, दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटणे, ही शिक्षा तुमच्या-आमच्या लहानपणी सर्रास होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहेच, पण कायदा नसता तरी ही शिक्षा विचित्रच म्हणावी लागेल. जे अवयव शिकवायचे त्यालाच मारायचे! मुलाची मान नाजूक, डोके अंगाच्या मानाने जड, आणि मेंदू अजून वाढीला लागलेला.

पण तुमचे खरे काम निराळे आहे. हादऱ्याचा माग घरापेक्षा वर्गात लवकर लागतो. रविवारी जत्रेत कुस्ती खेळून आलेला मुलगा सोमवारी फळ्याकडे डोळे बारीक करून पाहतो. पाढा येत असून मध्येच थांबतो. अक्षर बिघडते, ओळ सुटते. मधल्या सुट्टीत एकटा बसतो, नाही तर क्षुल्लक कारणावरून भांडतो. अशा वेळी आळशी म्हणून उभे करण्याआधी त्याला जवळ घेऊन विचारा, "बाळ, डोकं कुठं लागलं होतं का?" लागले असेल, तर काही दिवस त्याला कमी लिहायला द्या, खिडकीच्या उजेडापासून दूर बसवा, थकला तर बाक आडवा करून निजू द्या, चाचणी पुढे ढकला. आणि त्याच्या वस्तादांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा, की अमुक तारखेला डोके लागले, वर्गात अजून दुखते म्हणतो, तोवर हौद्यात उतरवू नये. चिठ्ठी मात्र स्वतः तालमीत नेऊन द्या. मुलाच्या हाती दिली, तर ती तिथवर पोचत नाही.